बारा पांढरे ब्लाउज

सात फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी साडेतीन. देऊ केलेली रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर पाच माणसं : विमा कंपनीचे अधिकारी, आमचे वकील, माझी बायको, आमची मुलगी आणि मी. जागा, हैदराबाद, वकिलांची काचीगुड्यातली कचेरी. पंखा एकच होता आणि तो वकिलांच्या डोक्यावर होता.

आदल्या ऑगस्टात माझी बायको सुलतान बाजारातून अस्तराचं कापड घेऊन ऑटोने घरी येत होती. वळणावर एका टॅक्सीने ऑटोला बाजूने धडक दिली. ऑटो उलटला नाही, फुटपाथवर चढून थांबला. पण तिचं डोकं आतल्या लोखंडी दांडीवर आपटलं. अकरा दिवस दवाखाना, त्यातले चार अतिदक्षता विभागात. टाके पाच. बिल एक लाख बत्तीस हजार चारशे. म्हणजे टॅक्सीची विमा कंपनी देत होती त्यातून बिल वजा केलं, की माझ्या बायकोच्या डोक्याचे सत्तेचाळीस हजार सहाशे रुपये होत होते. मी एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत सव्वीस वर्षं हिशेब लिहितो. ही वजाबाकी मी मनातच केली आणि माझी कानशिलं तापली.

अधिकारी मजेत होते. चहा पीत म्हणाले, "साब, बहनजी तो अच्छेइच दिख रे. चल रे, बोल रे, चाय पी रे. और क्या होना?"

मुलगी म्हणाली, "अंकल, आई दाल में नमक भूल जाती. दो बार डालती, नहीं तो डालतीच नहीं."

"अरे बेटा, नमक तो मेरी घरवाली भी भूलती. उसकू कौन टक्कर मारा?"

वकील हसले. अधिकारी स्वतःच्या विनोदावर हसले. आणि माझी बायकोही हसली. सगळे हसताहेत म्हणून ती हसली. अपघाताआधी ती अशी कधी हसत नव्हती. कुणी तिच्यावर विनोद केला तर त्याला दोन परत देऊन मग हसायची.

मग अधिकाऱ्यांनी तीन पानांचा अहवाल टेबलावर सरकवला. कंपनीने नेमलेल्या मानसतज्ज्ञांनी जानेवारीत तिची तपासणी केली होती, त्याचा. इंग्रजीत होता. मुलीने वाचून मराठीत सांगितलं : अपघातापूर्वीची अंदाजित बौद्धिक पातळी, सरासरीपेक्षा कमी. सध्याची पातळी, सरासरीपेक्षा कमी. लक्षणीय घट नाही.

"म्हणजे काय गं?" माझ्या बायकोने विचारलं.

मुलीने अहवाल मिटून माझ्याकडे सरकवला. त्या वाक्याचं मराठी मला येत होतं : ही बाई आधीपासूनच अशी होती. हिचं गेलं काहीच नाही, कारण हिच्याकडे होतंच काय?

मी तडजोडीच्या कागदावर सही केली नाही. वकिलांनी मला कोपराने ढोसलं, "अण्णा, घेऊन टाका, नाहीतर चार वर्षं कोर्टात जातील." तरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या तज्ज्ञांना भेटायला गेलो. एका मोठ्या खाजगी दवाखान्यात त्यांची खोली होती. गृहस्थ उद्धट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी मला बसवून पद्धत समजावली. अपघातानंतर माणसाची बुद्धी किती आहे ते मोजता येतं. पण आधी किती होती ते कुणी मोजून ठेवलेलं नसतं. मग अंदाज काढावा लागतो. शिक्षण किती, काम काय, भाषा किती येतात, यावरून एक आकडा धरतात. शिवाय काही शब्द वाचायला देतात, कारण डोक्याला मार लागला तरी वाचण्याची सवय बहुधा टिकते आणि तिच्यावरून आधीच्या पातळीचा थोडा माग लागतो.

या तत्त्वाशी माझं भांडण नाही. आमच्या कामातही वही जळाली तर आरंभीची शिल्लक अंदाजाने धरावी लागते. पण ती शिल्लकच कमी धरली, तर पुढे झालेली चोरी दिसतच नाही. एवढं कारकुनालाही कळतं.

"शब्द कुठल्या भाषेत दिले?" मी विचारलं.

"हिंदी में. मराठी का हमारे पास है नहीं."

माझी बायको 'ज्ञानी' मराठीसारखं वाचते, हिंदीतल्यासारखं 'ग्यानी' नाही; 'विज्ञापन'ही तसंच. दोन्हींपुढे फुल्या होत्या. मी त्या फुल्यांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, दोन मार्कांनी काही बदलत नाही. खरंच बदलत नव्हतं. मी नंतर बेरीज करून पाहिली. आकडा खाली ओढला होता तो पहिल्या पानाने, शिक्षण आणि कामाच्या रकान्यांनी.

"सर, माझी बायको अशी नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. माहितीचा फॉर्म होता. शिक्षण : सातवी. व्यवसाय : गृहिणी. मासिक उत्पन्न : निरंक. येणाऱ्या भाषा : मराठी.

"देखिए," ते म्हणाले, "हम कागज पे चलते. और ये कागज आपने भरा."

अक्षर माझं होतं. नीट, सुबक, चौकटीच्या बाहेर न जाणारं.

हा फॉर्म भरला त्या दिवशी वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "शिलाईचे महिना पंधरा हजार लिहा." मी म्हणालो, "कागद कुठाय? पावती नाही, पासबुक नाही, परवाना नाही. मी खोटं लिहिणार नाही." शाळा सोडल्याचा दाखला सातवीचा होता म्हणून सातवी. लिहिता-वाचता येणारी भाषा एकच म्हणून मराठी. ती तेलुगू बोलते, दखनी बोलते, सुलतान बाजारच्या मारवाडी कापडवाल्याशी त्याच्या बोलीत घासाघीस करते; पण त्याचा दाखला नाही. म्हणून लिहिलं नाही. कागद नाही तर आकडा नाही, हा माझा सव्वीस वर्षांचा नियम आहे आणि कचेरीत त्याबद्दल माझं कौतुक होतं. त्याच नियमाने मी माझ्या बायकोला चार रकान्यांत बसवून मोकळा झालो. तिने बघितलाही नाही फॉर्म. मी बोट दाखवलं तिथे सही केली.

त्या तज्ज्ञांवर मी चिडलो होतो. जिना उतरताना कळलं, की त्यांनी फक्त माझ्या बेरजेखाली रेघ ओढली होती. त्याने राग कमी झाला नाही. दुप्पट झाला.

ती काय होती ते आता लिहितो, कारण कुठल्याच रकान्यात ते नाही.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी तिचं मशीन होतं. ब्लाउज शिवायची. शिलाई अडीचशे, अस्तरासकट साडेतीनशे. सगळे शिंपी मापाचा ब्लाउज मागतात. बाई आपला अंगाला बसणारा एक जुना ब्लाउज देते, त्यावरून नवा कापतात. किंवा टेप लावून वहीत आकडे लिहितात. हिच्याकडे वही नव्हती आणि मापाचा ब्लाउज ती घेत नसे. बाई दारात उभी राहायची. ही म्हणायची, "वळा. हात वर करा. बसा." झालं. "डावा खांदा बोटभर उतरलाय तुमचा. पर्स त्याच खांद्याला लावता का?" शिक्षिका असलेली बाई चपापून पर्स उजवीकडे घ्यायची. चौथ्या दिवशी ब्लाउज तयार. दोन वर्षांनी तीच बाई आली तर ही न विचारता सांगायची, "छाती अर्ध्या इंचाने वाढली, मुंढा तोच राहू द्या." मुंढा म्हणजे बाहीचा गोल, काखेभोवतीचा. ब्लाउजची सगळी परीक्षा तिथे होते, हे मला तिच्यामुळे माहीत.

मी म्हणायचो, "अगं, लिहून ठेव."

"लिहायची वेळ आली, की समजा मशीन विकायची वेळ आली."

आमची घरं मूळची नांदेडकडची, बौद्ध. वैशाख पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातात. त्या आठवड्यात हिच्याकडे चाळीस पांढरे ब्लाउज यायचे. कापड एकाच ताग्यातलं, दोरा एकच, बटणपट्टी एकसारखी. ढिगात चिठ्ठी नाही, खूण नाही. आदल्या संध्याकाळी बायका यायच्या आणि ही प्रत्येकीकडे बघून ढिगातून एक ओढायची. एका वर्षी मी गंमत म्हणून सगळा ढीग उलटापालटा केला.

"तुम्हाला काही कामधंदा नाही का?" ती म्हणाली आणि वाटत राहिली. एकही परत आला नाही.

सातवी. गृहिणी. निरंक.

दवाखान्यातून आल्यावर ती महिनाभर निजून होती. मग दिवाळीच्या सुमारास मशीनवर बसली. सरळ टाके तेव्हाही सुरेख पडत होते, आजही पडतात. बघणाऱ्याला वाटावं, बाई बरी झाली. पण कापायला बसली तेव्हा त्या शिक्षिकेच्या रेशमी कापडाचे पुढचे दोन्ही भाग डावेच कापले. उजवा नाहीच. ती दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून, फिरवून, उलटून बघत राहिली. काय चुकलं ते तिला कळलं होतं. कसं चुकलं ते कळत नव्हतं. शिक्षिकेला कापडाचे अकराशे मी दिले. ते पैसे घेताना त्या म्हणाल्या, "मन नाही राहिलं तिचं कामात. नुकसानभरपाई मिळणार म्हटल्यावर भाव खाणारच की." मी ऐकून घेतलं. हे घरी सांगायला नको होतं, सांगितलं.

सरकारी दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ मॅडम मुलीने शोधल्या. वय तिशीच्या आत, तेलुगू माणूस, बोलणं हैदराबादी हिंदीत. रांगेत तीन तास बसल्यावर आमचा नंबर लागला. मी पहिला अहवाल पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि मिटून बाजूला ठेवला.

"घर का काम छोडके, ये क्या करते थे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

"उस काम में इनसे अच्छा कौन था? आपके पहचान में?"

"कोणीच नाही." आणि लगेच माझी जीभ अडखळली. "पण कागद नाही, मॅडम."

"कागज किसने माँगा? काम दिखाओ."

त्यांचं म्हणणं साधं होतं. शिक्षणावरून काढलेला अंदाज ज्यांना शाळा मिळाली त्यांच्यासाठी ठीक. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी दुसरा रस्ता असतो : त्या माणसाने आयुष्यात सगळ्यात चांगलं केलेलं काम शोधायचं आणि ते किती अवघड होतं ते तपासायचं. तिच्या बाबतीत ते काम अजून बायकांच्या कपाटांत घडी घालून ठेवलेलं होतं. मापं घ्या, म्हणाल्या. मग त्यांनी ढिगाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "वोइच करेंगे. बारा औरतां, बारा ब्लाउज. पहले कोई अच्छा टेलर करेगा, फिर ये."

मला त्याचा अर्थ बाहेर व्हरांड्यात आल्यावर लागला. ती पूर्वी काय होती हे सिद्ध करायचं, तर ती आता वस्तीसमोर चुकली पाहिजे. जितकी जास्त चुकेल तितका आमचा दावा पक्का. असला हिशेब मी जन्मात मांडला नव्हता.

घरी आल्यावर मी म्हणालो, "नको. एक लाख ऐंशी हजार घेऊ आणि गप्प बसू."

ती शेंगा सोलत होती. "का?"

"बायकांसमोर तुला उभं करायचं? त्या बघणार, गावभर सांगणार."

"आता काय सांगतात मग? मी भाव खाते म्हणून. तुम्हीच सांगितलंत की." ती सोललेले दाणे टरफलांत टाकत होती आणि टरफलं वाटीत. मुलीने हळूच वाटी बदलली. "माझ्या डोक्याचं मला माहीत आहे. त्यांना वाटतं मला माज आला. बघू देत एकदा. आणि ती शिक्षिका बोलवा. ती आली नाही तर मी येणार नाही."

त्यानंतरचे तीन रविवार मी आणि मुलगी घरोघरी गेलो. टेप मुलगी लावायची, आकडा मी लिहायचो. गेल्या तीन वर्षांत तिने शिवलेले, मापाशिवाय कापलेले ब्लाउज. बाईची छाती, कंबर, खांदा, मुंढा. ब्लाउजची छाती, कंबर, खांदा, मुंढा. ढिलाईसाठी सोडायचा भाग वजा केला, की अंग आणि कापड यांत जास्तीत जास्त फरक पाव इंचाचा. बारा बायकांत पाव इंच. ज्या बाईचं वजन मधे वाढलं होतं तिने ब्लाउजची आतली शिवण दाखवली. तिथे आधीच अर्धा इंच जादा कापड दुमडून ठेवलेलं होतं. "ती म्हणाली होती, तुम्ही वर्षात भराल," ती बाई म्हणाली, "मला तेव्हा राग आला होता." प्रत्येकीने सही करून दिली, की टेप कधी लावला नव्हता.

माझ्या आयुष्यात मी असला तक्ता बनवलेला नाही. आणि मला हे ठाऊक असायला हवं होतं. चोवीस वर्षं ते माझ्या घरात, माझ्या पाठीमागे चाललं होतं आणि मी पेपर वाचत होतो.

चाचणी मार्चमधल्या एका रविवारी विहाराच्या हॉलमध्ये झाली. मॅडम आल्या, सोबत त्यांची सहायिका. बारा बायका भिंतीशी ओळीने उभ्या. मधे सतरंजीवर त्यांचेच, हिने पूर्वी शिवलेले बारा पांढरे ब्लाउज. सुलतान बाजारातले एक मास्तर मी विनंती करून आणले होते, तीस वर्षं लेडीज शिलाईच करतात. त्यांनी नजरेने वाटायचं होतं, टेप नाही. त्यांनी चष्मा पुसला, वीस मिनिटं लावली आणि बारांत चार बरोबर दिले.

"मॅडम, बिना नाप के कौन करता?" मास्तर घाम पुसत म्हणाले. मग माझ्या बायकोकडे वळले. "आपा से होता था. मेरे पास औरतां नाप का ब्लाउज लाते ना, कित्ते सारे आपा के सिले हुए रहते. मैं उसी पे काटता."

हे मला माहीत नव्हतं. शहरातले दुसरे शिंपी तिचे ब्लाउज माप म्हणून वापरत होते.

मग ती उठली. पहिला ब्लाउज खांद्यांना धरून उचलला, तसाच जसा पूर्वी उचलायची, आणि मला क्षणभर वाटलं की ती सगळे बरोबर देणार. मला तसं व्हायला हवं होतं. दावा गेला खड्ड्यात.

पहिला चुकला. दुसराही. मॅडमचा नियम होता, की बाईने हातात आलेला ब्लाउज घ्यायचा आणि आतल्या बाजूला लावलेला नंबर सहायिकेला दाखवायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. पाचवा बरोबर आला. सातव्याला ती थांबली. ब्लाउज हातात, समोर बायकांची रांग, आणि ती एकेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे. पूर्वी ती कधी चेहरा बघत नसे.

"अहो," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हा कुणाचा?"

मला बोलायची परवानगी नव्हती. ती पुढे सरकली आणि तो ब्लाउज शिक्षिकेच्या हातात दिला.

शिक्षिकेचे डोळे भरलेले होते. त्यांनी तो घेऊन छातीशी धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हौ गं, हाच माझा. बरोबर दिलास बघ."

तो त्यांचा नव्हता. खांदे बघूनच मला कळत होतं, तीन रविवार मी तेच आकडे लिहिले होते.

"खोटं बोलू नका!" मी ओरडलो.

पाठीमागे खेळणारी पोरं थांबली. माझी बायको दचकून एक पाऊल मागे सरकली, जणू मी तिच्यावर ओरडलो होतो.

"दया दाखवताय? नोव्हेंबरात दाखवायची होती! तेव्हा म्हणालात, भाव खाते. आता एक मार्क फुकट देऊन मोकळ्या होताय!"

"भाऊजी, मी फक्त—"

"नंबर दाखवा!"

शिक्षिकेने आतली बाजू उलटून नंबर दाखवला. सहायिकेने फुली मारली. मॅडमनी मला बाहेर जायला सांगितलं आणि ते बरोबरच होतं. उरलेले पाच मी पाहिले नाहीत. व्हरांड्यात चपलांच्या ढिगापाशी उभा राहिलो. त्या फुलीसाठी मी भांडलो होतो. फॉर्म भरताना खरेपणापायी तिला कमी लिहिलं. आज खरेपणापायीच तिची चूक मोठ्याने मोजून घेतली. दोन्ही वेळा मी बरोबर होतो. या बरोबर असण्याचा मला इतका संताप आला, की मी विहाराच्या भिंतीवर हात आपटला. करंगळी आठवडाभर सुजली होती.

बारांत दोन. डोळे मिटून वाटले असते तरी एखादा बरोबर आलाच असता.

ती बाहेर आली तेव्हा शिक्षिकेने तिचा हात धरला होता. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "झालं का समाधान? आता चला, भूक लागली."

मॅडमचा अहवाल सात पानांचा होता. त्यात माझा तक्ता जसाच्या तसा जोडला होता. अपघातापूर्वीच्या पातळीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : शिक्षणावरून काढलेला अंदाज या व्यक्तीला लागू नाही, नजरेने माप घेणं आणि ते स्मरणात ठेवणं यात पूर्वीची क्षमता असाधारण, तीस वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिरापेक्षा स्पष्टपणे वरची, सध्या त्या क्षमतेचा जवळजवळ पूर्ण लोप. मी मुलीकडून ते वाक्य तीनदा वाचून घेतलं. मग बायकोला मराठीत सांगितलं.

"असाधारण म्हणजे?" तिने विचारलं.

"दुसऱ्या कुणाला येत नाही असं."

"ते मास्तर म्हणालेच की," ती म्हणाली.

सोळा एप्रिलला त्याच कचेरीत तीच पाच माणसं बसली. अधिकारी अहवाल चाळत म्हणाले, "साब, आप तो सर्कस कर दिए. ब्लाउज का भी कभी केस होता?" कुणी हसलं नाही. या वेळी माझी बायकोही नाही. तो एवढाच बदल मी त्या दिवशीचा नफा म्हणून धरतो. अडीच तासांनी आकडा सात लाख पंचवीस हजारांवर थांबला. 'असाधारण' या शब्दाची त्यांनी काय किंमत लावली ते त्यांनी फोडून दाखवलं नाही, मी मागितलं तरी.

मे महिन्यात वैशाख पौर्णिमा आली. अपघातानंतरच्या दुखण्याने ती वाळली होती, तिचे जुने पांढरे ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिचा ब्लाउज बाहेर शिवायला टाकला, त्याच मास्तरांकडे. त्यांनी टेप लावला, वहीत आकडे लिहिले, शिवाय मापाचा म्हणून तिचाच एक जुना ठेवून घेतला. आणायला आम्ही तिघं गेलो. दुकानाच्या पडद्याआड जाऊन तिने घालून बघितला आणि बाहेर आली.

"मास्तर, डावा मुंढा आवळतो."

मास्तर लगेच उठले. खडू घेऊन तिच्यासमोर उभे राहिले, विद्यार्थ्यासारखे. "कित्ता छोडूं, आपा?"

तिने काखेपाशी बोट ठेवलं. शिवणीवरून बोट वर नेलं, खाली आणलं. मास्तर खडू धरून थांबले होते. आम्हीही थांबलो.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.

मास्तरांनी अंदाजाने पाव इंच सोडला. तरी थोडा आवळतच होता. ती म्हणाली, चालेल.

तडजोडीचे सात लाख पंचवीस हजार. पैकी वकिलांना बहात्तर हजार पाचशे. पाच लाख तिच्या नावाने मुदत ठेवीत. दवाखान्याच्या बिलापोटी काढलेलं कर्ज फेडलं, एक लाख बत्तीस हजार चारशे. राहिले वीस हजार शंभर, तिच्या खात्यात. त्यातून पहिला खर्च : ब्लाउजची शिलाई, अस्तरासकट, चारशे पन्नास रुपये, रोख. मास्तरांना. घेत नव्हते, तिने मोजून हातात ठेवले.